हनुवटीचा चमत्कार

‘कट्’ असा आवाज झाला आणि हॉलमधल्या दोनशे माणसांनी एकदम श्वास सोडला.

मग टाळ्या सुरू झाल्या. ज्याची मान वाजली होती तो जाडजूड ट्रक ड्रायव्हर खुर्चीतून उठला, डोकं डावीकडे-उजवीकडे फिरवून ‘हलकं वाटतंय, एकदम हलकं’ म्हणाला आणि चक्क रडायला लागला. त्याला पाहून आणखी चार-पाच जणांनी डोळे पुसले. हॉल होता कापडाच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. खिडक्या बंद, चार पंख्यांतले दोन चालू, जिन्यापर्यंत माणसं बसलेली. कुणाच्या गळ्याला पट्टा, कुणाच्या काखेत मोठं खाकी पाकीट, आणि त्या पाकिटात जपून आणलेला मानेचा एक्सरे.

समोर उंच स्टुलावर मणकेगुरू बसले होते. त्यांचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. अंगात डॉक्टरांसारखा पांढरा कोट, आवाज मात्र कीर्तनकाराचा.

“निसर्गानं माणसाच्या मानेला पस्तीस अंशांचं वळण दिलंय,” ते सांगत होते. “पस्तीस. चौतीस नाही, छत्तीस नाही. हे वळण गेलं की मेंदूतली शक्ती खाली उतरत नाही, तुंबते. तुंबली की हात बधिर होतात, झोप उडते, घरात भांडणं होतात.”

घरात भांडणं म्हटल्याबरोबर पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी बायकोकडे बघून मान डोलावली. ती आधीपासूनच त्यांच्याकडे बघत होती.

मग आला खरा चमत्कार. उजेडाच्या काचेवर त्या ड्रायव्हरचे दोन एक्सरे लावले गेले. उपचाराआधीच्या फोटोत मानेचे सातही मणके पट्टीने आखल्यासारखे सरळ उभे. वीस मिनिटांनंतरच्या फोटोत त्याच मणक्यांना छान गोलसर वळण. हॉलमध्ये ‘अरे बापरे’ची लाटच उठली. माणूस बोलून फसवेल, पण एक्सरे कसा खोटं बोलेल, असं माझ्या मागे कुणीतरी म्हणालं.

मी सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं एक्सरे काढतोय. तरी खोटं कशाला सांगू, क्षणभर मीही आ वासून बघत राहिलो. शेजारी बसलेल्या ताईनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, “आता तरी पटलं?”

ही ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिनं शाळा सोडली, शिलाई मशीन घेतलं आणि लोकांचे शर्ट शिवून मला शिकवलं. काजं-बटणं करण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. त्या दिवसाच्या सात महिने आधी तिच्या हातातून सुई पडायला लागली. आधी तिला वाटलं चष्मा बदलायला हवा. मग बटण बोटांना लागेना, आहे की नाही ते कळेना. मला तिनं यातलं काही सांगितलं नाही, कारण मी कामात होतो. मीही विचारलं नाही, कारण मी खरंच कामात होतो. शेजारी एक निवृत्त मास्तरीण राहतात, आयुष्यभर मुलांना गणित शिकवलेल्या. त्या ताईला इथे घेऊन आल्या. एकवीस बैठकांचा नेम होता, दर आठवड्याला एक. मला कळलं ते तेराव्या बैठकीच्या आदल्या दिवशी, आणि तेही तिच्या हातून चहाचा कप निसटून माझ्या पायावर पडला म्हणून.

तिथेच मी संतापलो. पण ताईपुढे माझा संताप कधी चालत नाही. आधी बघ आणि मग बोल, असं म्हणून तिनं मला इथे आणून बसवलं होतं.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दीड वर्षापूर्वी आमच्या डॉक्टरबाईंनी एक मोठं काम हाती घेतलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण रोज ‘मान नॉर्मल नाही’ असं लिहून देतो, पण नॉर्मल म्हणजे किती, हे इथल्या माणसांत कुणी मोजलंय का? दुखणाऱ्या मानांचे फोटो आमच्याकडे ढिगानं होते. न दुखणाऱ्या मानेचा फोटो काढायला कोण येणार? म्हणून त्यांनी गट पाडले. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, वयाचे गट वेगळे आणि कामाचेही वेगळे: ओझी उचलणारे, गाडी चालवणारे, टेबलावर लिहिणारे, शिवणकाम करणारे. प्रत्येक गटात मानेची काही तक्रार नसलेली, सगळं समजावल्यावर राजीखुशीनं तयार झालेली माणसं हवी होती. आम्ही दवाखान्यातल्या लोकांनी नात्यागोत्यातली माणसं धरून आणली. शिवणकामाच्या गटात माझी ताई आली.

मोजणं म्हणजे काय, तर मानेच्या वळणाचा कोन, प्रत्येक मणक्याची उंची-रुंदी आणि मणक्यांच्या मागच्या पोकळीची रुंदी. त्या पोकळीतून मज्जारज्जू जातो, म्हणजे मेंदूचे निरोप हातापायांकडे नेणारी दोरी. ही मापं खरी यावीत म्हणून डॉक्टरबाईंचा एक कडक नियम होता. एक्सरेच्या वेळी माणसानं समोरच्या भिंतीवर, बरोबर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवलेल्या पट्टीकडे बघायचं. हनुवटी जरा जरी खालीवर झाली तर तो फोटो बाद. कारण हनुवटी छातीकडे गेली की मानेचं वळण पुसलं जातं, आणि वर उचलली की वळण वाढतं. मान तीच, माणूस तोच, फोटो मात्र वेगळा येतो.

ताईचा पहिला फोटो असाच बाद झाला. मी तिला उगाच रुबाबात म्हणालो होतो, हलायचं नाही, श्वास घ्यायचा नाही. लहानपणी केस कापताना ती मला हेच सांगायची. तिला हसू आलं, तिनं ते दाबायला हनुवटी खाली घेतली आणि नेमकं तेव्हाच मी बटण दाबलं. पाच मिनिटांनी दुसरा काढला, तो बरोबर आला आणि मोजणीच्या फायलीत गेला. बाद झालेला फोटो ती आठवण म्हणून मागत होती. मीही दिला. देताना शहाणपणा करून म्हणालो, तुझी मान तर फूटपट्टीसारखी सरळ आहे.

माझी पहिली चूक ती. दुसरी तिच्याहून मोठी आहे, ती पुढे सांगतो.

तर हॉलमध्ये मी ताईचं खाकी पाकीट उघडलं. आत माझाच तो बाद फोटो होता. गुरूंनी तो पहिल्याच दिवशी काचेवर लावून म्हटलं होतं, ताई, तुमचं वळण पूर्ण गेलंय. सोबत त्यांच्याकडे बाराव्या बैठकीनंतर काढलेला फोटो होता, छान वळणाचा. मी दोन्ही शेजारी धरले आणि वळणाकडे नाही, जबड्याकडे पाहिलं. पहिल्यात जबड्याचं हाड मणक्यांवर चढलेलं, दुसऱ्यात मणक्यांपासून चांगलं लांब, वर उचललेलं. मी काचेवरचे ड्रायव्हरचे फोटो पाहिले. तिथेही तेच.

मग मी आतल्या एक्सरेच्या खोलीत डोकावलो. उपचाराआधी माणसाला सांगत होते, ‘अहंकार खाली ठेवा, नजर पायांवर.’ उपचारानंतर सांगत होते, ‘आता वर पाहा, शक्ती उतरू द्या.’ छताला त्यासाठी खास एक निळा दिवा लावला होता. चमत्कार तो एवढाच. आणि तो ‘कट्’ आवाज? बोटं मोडल्यावर येतो तसाच सांध्यातल्या वायूच्या बुडबुड्यांचा आवाज. त्यानं तासभर मोकळं वाटतं, मणका जागचा हलत नाही. मी बाहेर येईपर्यंत ताईची तेरावी बैठक उरकलीही होती.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ताईची फाईल मागवली, एक आकडा बघितला आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला. त्या म्हणाल्या, ज्या मानेला झटका द्यायचा नाही असं मी तुम्हाला बजावलं होतं, तिला यांनी तेरा झटके दिले. आजच्या आज घेऊन या.

ताई यायला तयार नव्हती. आठच बैठका उरल्यात, म्हणाली. हातांचं काय, विचारलं तर म्हणे, गुरुजी सांगतात रोग बाहेर पडताना आधी वाढतो. मी हनुवटीचं सांगितलं तर म्हणाली, तुला माझ्या बऱ्या होण्याचा आनंदच नाही. तिचा विश्वास एक्सरेवर होता, आणि एक्सरेवर विश्वास ठेवायला तिला कुणी शिकवलं? मीच, बावीस वर्षं घरी बढाया मारून. तेव्हा तिच्यासमोर, त्यांच्याच काचेवर दाखवण्यावाचून मार्ग उरला नाही.

पुढच्या बैठकीला मी ताईच्या पाकिटातल्या बाद फोटोबरोबर फायलीतला बरोबर आलेला फोटोही डॉक्टरबाईंच्या परवानगीनं घेऊन गेलो. गुरूंना म्हटलं, एका बाईंचे दोन फोटो दाखवायचेत, तुमचं मत हवंय. स्तुतीची चाहूल लागल्यावर माणूस नाही म्हणत नाही. त्यांनी ते काचेवर लावले, मागे सरून पाहिले आणि हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, “पहिली मान आजारी, दुसरी निरोगी. उपचार उत्तम झालाय. माझ्या कोणत्या शिष्यानं केला?”

“कुणीच नाही,” मी म्हणालो. “दोन्ही फोटो मी काढलेत, पाच मिनिटांच्या अंतरानं. खाली फोटोवर उमटलेला शिशाचा नंबर बघा, एकच आहे, तारीख एकच आहे. मधल्या वेळात ह्या मानेला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. पहिल्या वेळी तिला हसू आलं, ते दाबताना हनुवटी खाली गेली, दुसऱ्या वेळी समोर होती. ह्या माझ्या ताई, विचारा त्यांना.”

मी पुढच्या रांगेतल्या लोकांना आपापली पाकिटं उघडायला सांगितली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? अकरा जणांनी फोटो काढले. अकराही जणांच्या पहिल्या फोटोत जबडा खाली, दुसऱ्यात वर. मी त्यांना हेही सांगितलं की आम्ही मोजलेल्या, काही एक दुखत नसलेल्या माणसांत तिघांमागे एकाची मान जवळजवळ सरळच होती, बायकांत तर जास्तच. कुणाचं वळण पाच अंश, कुणाचं चाळीस, आणि सगळे ठणठणीत. पस्तीस हा आकडा म्हणजे सगळ्या गावाला एकाच मापाचा शर्ट शिवण्यासारखं आहे.

मला वाटलं, आता माणसं उठतील, जाब विचारतील. मणकेगुरूंनी शांतपणे चष्मा पुसला, माझ्याकडे प्रेमानं पाहिलं आणि म्हणाले, “बहीण भावासमोर हसली आणि तिच्या मानेत वळण आलं. मायेनं आलं. मी तरी वेगळं काय करतो?”

टाळ्या. आधीपेक्षा जोरात. गळ्याला पट्टा लावलेले एक म्हातारे माझ्याजवळ आले, माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, “साहेब, तुमच्या दवाखान्यात पाच मिनिटांत वळण येत असेल तर नंबर कधी लावायचा?” तेवढ्यात पुढच्या माणसाला खुर्चीवर बोलावलं गेलं आणि मला बाजूला सरा म्हणून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

फक्त ताई उठली. ती जिना उतरायला लागली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती कठड्याला धरून उतरते आहे. तिचे पायही तिचं ऐकत नव्हते. मधल्या वळणावर ती थांबली.

“म्हणजे माझ्या मानेचं वळण गेलंच नव्हतं?”

“नव्हतं, ताई.”

“मग हाताला काय झालंय?”

आता दुसरी चूक. मोजणी झाली त्याच दिवशी डॉक्टरबाईंनी मला खोलीत बोलावून सांगितलं होतं की ताईच्या मणक्यांतली पोकळी जन्मतःच अरुंद आहे, सगळ्या बायकांच्या यादीत सगळ्यात कमी. हा आजार नव्हे, अशी कितीतरी माणसं सुखानं जगतात. पण तिला सांगून ठेवा, म्हणाल्या, मानेला कुणाचाही झटका नको, आणि हातातून वस्तू सुटायला लागल्या तर एक दिवसही थांबायचं नाही. मी मान हलवली. घरी आलो, ताई नेहमीसारखी गाणं गुणगुणत काजं करत होती, आणि मला वाटलं, उगाच हिच्या जिवाला घोर कशाला? रोग नाही तर सांगायचं तरी काय? म्हणून नाही सांगितलं. तिला अडाणी समजलो, असंच म्हणा ना.

हे सगळं मी तिला त्या जिन्यात सांगितलं. ती पायरीवर बसली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मला सांगायचंस रे,” ती म्हणाली. “मी काय घाबरून मेले असते?”

त्याच दिवशी डॉक्टरबाईंनी तिला तपासलं. दहा सेकंदांत जमेल तितक्या वेळा मूठ उघडायची आणि मिटायची, असं सांगितलं. धडधाकट माणूस वीस वेळा करतो. ताईची सात वेळा झाली. एमआरआयमध्ये मज्जारज्जू दोन जागी चेपलेला दिसला. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पण चांगलं झालं म्हणजे काय, ते डॉक्टरबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं: पुढचं नुकसान थांबेल, झालेलं भरून येईलच असं नाही. पहिल्या महिन्यात आला असतात तर गोष्ट वेगळी होती, असं त्या म्हणाल्या. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

ताई आता काठी घेऊन चालते. जेवताना चमचा मुठीत धरते. माझ्या शर्टाचं बटण तुटलं तर मी बाजारात लावून घेतो आणि तिच्या लक्षात येऊ नये म्हणून काळजी घेतो, पण तिच्या ते लक्षात येतंच. एके दिवशी तिनं मशीन एका होतकरू मुलीला देऊन टाकलं. नेताना ती मुलगी खुश होती आणि ताई तिला धागा कसा ओवायचा ते तोंडानं सांगत होती.

मणकेगुरूंचा हॉल अजून भरतो. आता तिसरा पंखाही चालू झालाय म्हणे. त्यांच्या बोलण्यात एक नवी गोष्ट आली आहे, ती मला शेजारच्या मास्तरीणबाईंनीच सांगितली. एक बाई तेराव्या बैठकीनंतर नेम मोडून निघून गेल्या, मानेला सुरी लावून घेतली, आज बघा त्यांची काय दशा झाली. हे ऐकून हॉल हळहळतो. मास्तरीणबाई स्वतः ताईला भेटायला फळं घेऊन आल्या, तिचे हात हातात घेऊन बसल्या आणि जाताना दारात मला म्हणाल्या, “आठच तर राहिल्या होत्या हो.” त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं.

त्या गेल्यावर ताईनं मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू विचारलं, “खरं सांग. त्या आठ पुऱ्या केल्या असत्या तर?”

मी रागावलो नाही. रागवायला माझ्यात काही उरलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसलो आणि पहिल्यापासून पुन्हा सगळं सांगितलं. तेच तुम्हालाही सांगतो, पटलं तर बघा. कुणी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो दाखवले, तर मधल्या वेळात काय बदललं ते स्वतः तपासा. मानेचे असतील तर हनुवटी बघा. कुणी साऱ्या जगाला एकच आकडा लावत असेल तर विचारा, तुम्ही किती निरोगी माणसं मोजलीत? घरातल्या कुणाबद्दल खरं काही कळलं तर ते त्या माणसाला सांगा, तो घाबरेल म्हणून गिळू नका. आणि हातातून वस्तू सुटायला लागल्या तर दवाखान्यात त्याच दिवशी जा. माझी ताई दवाखान्यात पोचली तेव्हा सात महिने झाले होते.